लवासाचा आराखडा : निसर्गानुकरण आणि पाण्याचा प्रश्न

पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यात उभारलेले लवासा हे ‘पर्यावरणस्नेही’ नगररचनेचे उदाहरण म्हणून मांडले गेले. राज्य शासनाने २००१ साली येथील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले. आराखडा एचओके या अमेरिकन संस्थेचा होता.

मूळचे पानझडी अरण्य पाऊस कसा झेलते व जमिनीत कसा मुरविते, हे पाहून बांधकाम आखावे, हा त्यामागील विचार मोलाचा आहे. तथापि त्याच नियोजनात गोल्फचे मैदानही प्रस्तावित होते. येथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो; हिरवळीस पाणी द्यावे लागते ते उरलेल्या महिन्यांत. पानझडी अरण्य कोरड्या ऋतूत पाने गाळून पाणी वाचविते, मैदान मात्र बारमाही हिरवे राखावे लागते. म्हणजेच अनुकरण पाऊस झेलण्यापुरते राहिले. ऋतुचक्राचे झाले नाही.

शिवाय मोसे नदीवरील वरसगाव धरणाचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहरास व पुढील शेतीस मिळते. वरच्या अंगास होणाऱ्या वापराची झळ खालच्यांनी सोसावी काय, या प्रश्नाचे उत्तर इमारतींच्या रचनेत सापडत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीअभावी काम थांबविले. २०११ मध्ये २००० हेक्टरांच्या पहिल्या टप्प्यास सशर्त मंजुरी दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

सारांश, वसाहतीची शाश्वतता तिच्या कुंपणाच्या आत मोजता येत नाही. संपूर्ण पाणलोट क्षेत्र हेच तिचे खरे परिमाण होय.