ख्वाइश नगरीत भूक नाही

सुजॉय घोष दिग्दर्शित 'अलादीन' हा हिंदी चित्रपट ३० ऑक्टोबर २००९ रोजी पडद्यावर आला. आम्हा मराठवाड्यातील प्रेक्षकांना त्याची ओढ वाटावी अशी दोन कारणे होती. नायक रितेश देशमुख हा लातूरजवळच्या बाभळगावच्या घराण्यातला. आणि गोष्ट तर अलिफ लैलाची, हिंगोली-वसमत-कळमनुरीकडच्या घरांत दादी-नानीच्या तोंडून ऐकलेली. शिवाय अमिताभ बच्चन दिव्यातले जिन्न आणि संजय दत्त खलनायक. एवढा ऐवज हाती असूनही चित्रपट चालला नाही. तो चालला नाही याचे आम्हाला फारसे दुःख नाही. पण तो पाहून मन रिते का राहते, याचा विचार आम्हाला आवश्यक वाटतो. कारण ही गोष्ट आम्ही आजही वर्गात मुलांना सांगतो.

प्रथम श्रेय द्यायला हवे. कथा घडते ती ख्वाइश नावाच्या काल्पनिक शहरात. हे शहर, तिथले आकाश, जिन्नची अवतरणे आणि सर्कशीचा ताफा घेऊन येणारा रिंगमास्टर, सारे डोळ्यांना सुखावणारे आहे. स्पेशल इफेक्ट्सचा फिल्मफेअर पुरस्कारही त्याला मिळाला. होमी वाडियांनी १९५२ साली महिपाल आणि मीनाकुमारीला घेऊन 'अलादीन और जादुई चिराग' काढला होता. त्या कृष्णधवल पटाच्या हाती जी साधने होती, त्यांच्या तुलनेत २००९ ची श्रीमंती अफाट आहे.

आता कथा पाहू. अलादीन चॅटर्जी हा अनाथ, बुजरा विद्यार्थी. नावावरून त्याची टिंगल होते. कासिम आणि त्याचे सोबती त्याला दिवे घासायला लावतात. जास्मिन शहरात येते, तिच्या हातून खरा दिवा अलादीनला मिळतो आणि 'जीनियस' नावाचा जिन्न प्रकटतो. तीन इच्छा पुऱ्या करून करारातून सुटण्याची त्यालाच घाई. अलादीनच्या इच्छा खर्च होतात त्या जास्मिनच्या प्रेमापायी. मग रिंगमास्टर येतो, आईवडिलांच्या मृत्यूचे रहस्य उघडते, मारामारी होते.

मूळ गोष्ट बदलली अशी आमची तक्रार नाही. अलादीनची गोष्ट अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये अँत्वान गालाँ यांना सांगितली आणि फ्रेंच ग्रंथातून ती जगभर गेली. शिवाय ती घडते चीनमध्ये! इतका प्रवास केलेल्या गोष्टीला बंगाली आडनाव लागले म्हणून काय बिघडले?

बिघडले ते दुसरीकडे. गालाँच्या कथेत अलादीन हा मुस्तफा दर्जीचा मुलगा. बाप वारलेला, आई सूत कातून घर चालवते. घरात खायला काही उरत नाही, तेव्हा विकण्याआधी दिवा जरा उजळावा म्हणून आईच तो घासते. जिन्न पाहून ती बेशुद्ध पडते. अलादीन दिवा उचलतो आणि पहिला हुकूम देतो: भूक लागली आहे, खायला आण. पुढे शहजादीचा हात मागायला हीच आई रत्नांचे ताट घेऊन सुलतानाच्या दरबारात जाते आणि कोणी विचारीपर्यंत दिवसामागून दिवस मुकाट उभी राहते. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन उभी असलेली विधवा ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

चमत्काराचे वजन त्याच्या मागच्या गरजेने ठरते. रिकाम्या पोटासमोर आलेले चांदीचे ताट पाहून ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो. ख्वाइशमध्ये मात्र कुणाला कशाची नड नाही. अलादीनला हवी एक मुलगी, आणि ती तशीही त्याच्याशी प्रेमाने बोलते आहे. मग जिन्नने आकाश-पाताळ एक केले तरी पाहणाऱ्याचे काय पणाला लागते? १९९२ च्या डिस्ने चित्रपटानेही आई वगळली, पण त्यातला अलादीन भाकरी चोरतो आणि ती उपाशी पोरांना देऊन टाकतो. भूक त्यांनी सोडली नाही.

दुसरी उणीव नियमांची. उर्दू दास्तानगो अतिशयोक्तीत कुणाला हार जात नसत, पण 'तिलिस्म-ए-होशरुबा'तल्या तिलिस्मालाही कायदा असतो. त्याची लौह, म्हणजे गुपित सांगणारी पाटी, मिळाल्याखेरीज तो फुटत नाही. म्हणून ऐकणारा त्या शोधात गुंततो. इथे रिंगमास्टरची ताकद कुठे सुरू होते नि कुठे संपते, हे प्रसंगाच्या सोयीने ठरते. नियमच नाही तिथे धोका नाही, आणि धोका नाही तिथे उत्कंठा कुठली?

दिग्दर्शकाला कथा सांगता येत नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. याच सुजॉय घोष यांनी २०१२ मध्ये 'कहानी' काढला. हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात कोलकात्याच्या गल्ल्या तुडवणारी एक गर्भवती बाई, बस्स. त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला काहीतरी हवे आहे, हे पहिल्या दृश्यापासून आपल्याला कळते.

वर्गात आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा महालाच्या वर्णनाला मुले खूश होतात, पण मध्येच एखादी पोर विचारतेच, "सर, उसकी अम्मां कां गई?" जिन्नविषयी असा प्रश्न कधी येत नाही. चित्रपट मुलांना जरूर दाखवावा, डोळ्यांची मेजवानी आहेच. त्याआधी एकदा त्यांना ती सूत कातणारी आई मात्र भेटवावी.