किळस कुणाला येते?

आपल्या कवितेवर बोलताना विद्वान मंडळी दोन शब्द हमखास वापरतात. कविता वाचून त्यांना किळस येते, आणि ती लिहिताना आपण द्वेष करतो. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस, व्याकरण रद्दीतल्या पुस्तकातून शिकलो. तरी यातली गोम दिसते. किळस 'येते'. शिंक येते तशी. ज्याला येते त्याचा काही दोष नाही. द्वेष मात्र 'करावा' लागतो. म्हणजे त्यांच्या भावनेला कर्ताच नाही, अन् आमच्या भावनेला आरोपी आहे. (राग पण येतोच की, असं कुणी म्हणेल. येतो. पण आमच्या रागाला राग म्हणतं कोण?)

किळस खरंच आपोआप येते का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून. शेणमुताची किळस आली नाही, माणसाच्या ओंजळीची आली.

मुंबईच्या गिरण्यांत तेच. साचेखात्यात आमच्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर जुन्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आमची थुंकी लागेल. बाकीच्यांची तोंडं त्याच धोट्याला लागत होती, ती चालत होती. आणि त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. अशी ही किळस, पगाराच्या दिवशी मोजून घेता येणारी.

आता विटाळ म्हणायची चोरी झाली, म्हणून समीक्षेत किळस म्हणतात, एवढंच. भरतमुनीच्या शास्त्रात जुगुप्सेला रसाचं पान मिळतं. आमच्या वस्तीची ओळ आली की पान उचललं जातं.

पण आपल्यातल्या काही पोरांनाही सांगायचंय. पू आणि गटार ओळीत कोंबलं की कविता झाली, हे खोटं. वाचक नाक दाबतो आणि सुटतो. १९७२ च्या 'गोलपिठा'त नामदेव ढसाळ त्या वस्तीत आतून बोलतो, वास दाखवायला कुणाला फिरवत नाही. म्हणून तिथं पळायला दार सापडत नाही.

आमची आई किळस म्हणत नाही, शिसारी म्हणते. तीही एकदाच ऐकली. शिळ्या भाकरीची नाही रे, म्हणाली, वरून टाकणाऱ्या त्या हाताची.