वयाचा रकाना: साखर कारखान्यातून जहाजाच्या इंजिन रूमकडे

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा: नोकरी-संसारात स्थिरावलेला माणूस पुन्हा विद्यार्थी व्हायला निघतो, तेव्हा शिक्षणसंस्था त्याच्याकडे कशा बघतात? इथे आपण सहसा पुस्तकं वाचतो. आज एक नियम वाचूया. नियमही कुणीतरी लिहिलेलाच असतो, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कुठला तरी माणूस असतो. तो माणूस कोण, एवढंच बघायचंय.

नियम आहे मर्चंट नेव्हीच्या प्रवेशाचा. बारावीनंतर नॉटिकल सायन्स किंवा मरीन इंजिनिअरिंगला जायचं, तर वयाची कमाल मर्यादा साधारण २५. मेकॅनिकलचा पदवीधर असाल तर एक वर्षाचा 'जीएमई' कोर्स करून जहाजावर इंजिनिअर होता येतं. तिथे मर्यादा २८. दहावीनंतरच्या जीपी रेटिंगला, म्हणजे खलाशी म्हणून जायलाही, पुन्हा २५. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना काही वर्षांची सवलत असते. पण पस्तिशीतल्या माणसाला ती सहसा पुरत नाही.

आता समजा, वाळवा किंवा कराड तालुक्यातला एक जण. मेकॅनिकल झालेला, दहा वर्षं साखर कारखान्यात बॉयलर आणि टर्बाइनवर काढलेली. वय ३४. गळीत हंगामात तीन पाळ्यांत राबायचं, मध्यरात्री वाफेचा दाब पडला की धावायचं, हंगाम संपला की पुढचे महिने उघडझाप आणि दुरुस्ती. त्याला समुद्रावर जायचंय. शिकायची जागाही फार लांब नाही. साताऱ्याहून पुण्याकडे निघालात की लोणी काळभोर, तळेगावजवळचं इंदोरी, लोणावळा, सगळीकडे सागरी प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. समुद्र मात्र एकीलाही लागून नाही. म्हणजे भूगोलाची अडचण नाही. अडचण जन्मतारखेची आहे.

इथे पहिला प्रश्न विचारायला हवा: ही मर्यादा समुद्राने घातलीय का?

जहाजावरच्या लोकांची पात्रता ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे एसटीसीडब्ल्यू. तो १९७८ साली झाला; १९९५ आणि २०१० मध्ये त्यात मोठे बदल झाले. अधिकारी व्हायला किमान वय १८ हवं, असं तो सांगतो. कमाल वय सांगत नाही. त्याला हवं असतं ते प्रशिक्षण, समुद्रावर काढलेला काळ, परीक्षा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्रही जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, मग पुन्हा तपासणी. म्हणजे शरीर झेपेल का याची काळजी करारानं आधीच घेतलीय, आणि ती वयावरून अंदाज बांधून नाही, प्रत्यक्ष तपासून. पन्नाशीतला चीफ इंजिनिअर ती तपासणी पास होऊन जहाज चालवतोच की. मग चौतिशीतल्या नवशिक्याला ती तपासणी द्यायच्या आधीच का गाळायचं?

नियमाच्या बाजूनेही बोलायला हवं. खरी टंचाई वर्गातल्या बाकांची नाही, जहाजावरच्या कॅडेटच्या जागांची आहे. डीएनएसवाल्याला परीक्षेला बसण्याआधी १८ महिने समुद्रावर काढावे लागतात, बीएस्सी नॉटिकलवाल्याला १२, इंजिनिअरला ६. प्रत्येक जागेवर कंपनी पैसा घालते, आणि तिला तो पुढची पंचवीस वर्षं वसूल करायचा असतो. शिवाय जहाजावर हुद्द्याला फार किंमत. पंचविशीतल्या पोराला पस्तिशीतला कॅडेट 'सर' म्हणेल का, ही शंका अगदीच खोटी नाही.

पण या दोन्ही कारणांत शिकण्याची क्षमता कुठेच येत नाही. एक कारण कंपनीच्या हिशोबाचं, दुसरं मानपानाचं. पहिलं कंपनीनं तिच्या निवडीत बघावं. दुसऱ्याचं उत्तर साताऱ्यातल्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा. चाळीस वर्षांचा सुभेदार चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटला 'साहेब' म्हणतोच, आणि त्यात कुणाचं काही अडत नाही.

अमेरिकेचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. किंग्ज पॉइंटच्या केंद्रीय मर्चंट मरीन अकादमीत पंचविशीची अट आहे. तिथलं शिक्षण सरकारी खर्चाने होतं आणि पदवीसोबत राखीव दलातल्या सेवेचं बंधन येतं. मेन किंवा मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांच्या सागरी अकादम्यांत मात्र मोठ्या वयाचा विद्यार्थीही पदवीला बसू शकतो. जहाजं तीच, समुद्र तोच. फरक संस्थेच्या हेतूचा आहे. आपण अट घेतली ती लष्करी वळणाची, आणि लावली ती व्यापारी धंद्याला.

आता सिद्धांताकडे येते. प्रौढशिक्षणात माल्कम नोल्स हे नाव टाळताच येत नाही. १९७० च्या पुस्तकात त्यांनी 'अँड्रागॉजी' म्हणजे प्रौढांना शिकवण्याचं शास्त्र मांडलं: प्रौढ माणूस स्वतःची दिशा स्वतः ठरवतो आणि अनुभवाची शिदोरी घेऊन वर्गात येतो. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकात मुलांचं शिक्षण 'विरुद्ध' प्रौढांचं, अशी मांडणी होती. १९८० च्या आवृत्तीत नोल्स यांनी तो 'विरुद्ध' काढून टाकला. बदल चांगला होता. तरी एक उणीव राहिली. त्यांचा प्रौढ विद्यार्थी वर्गाच्या आत येऊन बसलेला आहे. दारात कोण अडवतं, हा प्रश्न ते फारसा विचारत नाहीत. आपल्या बॉयलरवाल्याकडे अनुभव भरपूर आहे, दिशाही ठरलेली आहे. अनुभव मोजणारा रकाना अर्जात नाही, एवढंच.

ही मोजणी अशक्य आहे असं कुणी म्हणेल, तर ती आपल्याकडे झालेली आहे. २०२० साली नौवहन महासंचालनालयाने नौदलातल्या लोकांसाठी योजना आणली: नौदलातला अनुभव धरून, कमी पडतं तेवढंच प्रशिक्षण देऊन मर्चंट नेव्हीची प्रमाणपत्रं द्यायची. गणवेशातला अनुभव मोजता येतो, तर कारखान्यातला का नाही? आजची बहुतेक जहाजं डिझेलवर चालतात, त्यामुळे साखर कारखान्याची टर्बाइन आणि जहाजाचं मुख्य इंजिन एक नव्हे, हे मान्य. पण सहायक बॉयलर, पंप, व्हॉल्व्ह, पाळी, नोंदवही आणि बिघाडाच्या वेळी डोकं थंड ठेवणं, हे सगळं त्याला नव्याने शिकवायला नको. उरलेलं शिकवा, परीक्षा घ्या, नापास झाला तर घरी पाठवा.

कामाला शिक्षणात जागा देणं आपल्या भागाला नवीन नाही. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हणून तेच केलं. त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं; आपला राष्ट्रीय सागरी दिन त्याचाच. त्यामागे होते वालचंद हिराचंद, रेल्वेची बांधकामं घेणारे कंत्राटदार. जहाजधंद्यात उतरले तेव्हा ते छत्तिशीत होते. ते मालक होते, खलाशी नव्हेत, तेव्हा तुलना ताणायला नको. पण सांगलीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजवर त्यांचं नाव आहे, तिथला मेकॅनिकलचा पदवीधर अठ्ठाविशी ओलांडली की जहाजाच्या दारातून परत फिरतो, हे खटकायला हवं.

तुम्ही स्वतः या वयात असाल तर एक सांगते. दार बंद दिसलं की खिडकी दाखवणारे एजंट भेटतात: 'वयाचं बघून घेऊ, आधी दोन-तीन लाख भरा.' पैसे देऊ नका. एजन्सीकडे आरपीएसएल परवाना आहे का, कोर्सला महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा, आणि त्या वर्षीची प्रवेशसूचना स्वतः वाचा. वयाच्या अटीचा सगळ्यात जास्त फायदा आज अशा एजंटांना होतोय, आणि अट बदलावी म्हणण्याचं माझं सगळ्यात मोठं कारणही तेच आहे.