जाहिरातीतील क्रीडापराक्रम : शक्यता आणि विश्वासार्हता

प्रास्ताविक

क्रीडासाहित्याच्या जाहिरातीत अतिशयोक्ती नवी नाही. फटकावलेला चेंडू ढगांत नाहीसा झाला, तर प्रेक्षक त्याकडे अलंकार म्हणूनच पाहतो. काही जाहिराती मात्र अतिशयोक्तीला वास्तवाचा वेश चढवतात. त्यांचे परीक्षण पुराव्याच्या निकषावरच व्हायला हवे. नायके कंपनीची ब्राझिलियन फुटबॉलपटू रोनाल्डिन्होवरील २००५ मधील चित्रफीत हे याचे ठळक उदाहरण होय. यूट्यूबवर दहा लाख वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत म्हणून तिचा उल्लेख होतो.

भौतिक शक्यता

सदर चित्रफितीत रोनाल्डिन्हो नवे बूट घालतो, चेंडू पायांवर खेळवत पेनल्टी क्षेत्राच्या कडेजवळ येतो आणि गोलच्या आडव्या दांड्यावर मारतो. आपटून परतलेला चेंडू जमिनीला टेकू न देता तो ताब्यात घेतो आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करतो. चित्रण साध्या कॅमेऱ्याने सलग केल्यासारखे भासते.

यात निसर्गनियमाचा भंग होत नाही. प्रश्न अचूकतेचा आहे. नियमानुसार दांड्याची जाडी १२ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसते. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. दांडा गोलाकार मानल्यास दोहोंच्या त्रिज्यांची बेरीज १७ सेंटिमीटर होते. चेंडू दांड्याच्या मध्यरेषेपासून केवळ १ सेंटिमीटर वर वा खाली आदळला, तर त्याची परतीची दिशा सुमारे ७ अंशांनी बदलते. गुरुत्वाकर्षण व घर्षण बाजूला ठेवले तरी १६.५ मीटर अंतरावर हा फरक सुमारे २ मीटरचा होतो. प्रत्येक आघाताचे यश असे एखाद्या सेंटिमीटरवर अवलंबून आहे.

अशा आघाताची शक्यता उदारपणे २० मध्ये १ धरली, तरी लागोपाठ तीन आघात साधण्याची शक्यता ८००० मध्ये १ एवढीच उरते. म्हणजे कृती अशक्य नाही; पण एका दमात, सहज घडल्याचा आभास अविश्वसनीय आहे.

विश्वासार्हता

चित्रफितीत तांत्रिक फेरफार झाल्याची शंका त्याच काळात व्यक्त झाली. परंतु ती निराधार मानली तरी आक्षेप संपत नाही. हजारो प्रयत्नांतून एक यशस्वी प्रयत्न निवडून दाखवणे आणि उरलेले लपवणे, हेही असत्यच होय. प्रयोगशाळेत अनुकूल तेवढीच निरीक्षणे नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षक जो दोष देतो, तोच येथेही लागू पडतो. ‘हे शक्य आहे का?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर म्हणजे ‘हे घडले’ याचा पुरावा नव्हे. जाहिरात नेमक्या याच दोन विधानांतील अंतर पुसून टाकते.

समारोप

या प्रकाराची सर्वांत मोठी हानी खऱ्या कौशल्याची होते. १९ नोव्हेंबर २००५ रोजी रोनाल्डिन्होने माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोनासाठी दोन गोल केले, तेव्हा प्रतिस्पर्धी रियल माद्रिदच्या प्रेक्षकांनीही त्यास टाळ्या वाजवून दाद दिली. तो पराक्रम भरलेल्या मैदानात, दुसऱ्या प्रयत्नाची मुभा नसताना घडला होता. ज्याच्यापाशी असे कौशल्य आहे, त्याच्याच नावे संशयास्पद चमत्कार खपवला गेला, तर प्रेक्षक पुढे खऱ्या पराक्रमाकडेही संशयाने पाहू लागतो. म्हणून अशा चित्रफितींची वर्गातील चिकित्सा हा केवळ गणिती विरंगुळा ठरत नाही. तिच्यातून विद्यार्थ्यांना शक्यता आणि पुरावा यांतील भेद शिकवता येतो.