राजाश्रयाचे कारभारी

राजाश्रय हा शब्द मराठी वाचकाच्या मनात दरबार, वर्षासने आणि पुण्याच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा ह्यांचे चित्र उभे करतो. त्या दक्षिणेतीलच काही रक्कम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळविण्यात आली, आणि तेव्हापासून आश्रयदाता हा राजा न राहता एक समिती झाला. विसाव्या शतकात ही समिती जगभर पसरली. कुठे ती परिषद झाली, कुठे मंत्रालय, कुठे अकादमी. तिच्याकडील पैसा सार्वजनिक, म्हणजे कोणा एकाचा नव्हे. परंतु तो कोणाच्या तरी हातून वाटला जातो, आणि तो हात कसा चालतो ह्याची चिकित्सा आपल्या समीक्षेने फारशी केलेली नाही. अनुदान किती आणि संस्थेला स्वायत्तता आहे की नाही, ह्या दोन प्रश्नांपाशी चर्चा थांबते. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीविषयी लिहिले जाते ते गौरवग्रंथात किंवा मृत्युलेखात. वस्तुतः कोणते नाटक रंगभूमीवर यावे, कोणते पुस्तक दुसऱ्या भाषेत जावे ह्यावर तिच्या निर्णयांचा होणारा परिणाम बहुतेक टीकाकारांच्या अभिप्रायांहून खोल असतो. तेव्हा टीकाकाराला लावले जाणारे निकष तिलाही लावून पाहावयास हरकत नाही.

ह्या पदावरील माणसाला दोन नकार साधावे लागतात. एक वरच्या दिशेने, सत्तेला; दुसरा आतल्या दिशेने, स्वतःच्या रुचीला. पहिल्याची महती सर्वत्र गायिली जाते. दुसरा अधिक अवघड असूनही त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

जॉन मेनार्ड केन्स ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतीय वाचक त्यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. उमेदीच्या काळात त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरी केली होती आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक भारतीय चलनावरच होते. युद्धकाळात, १९४० साली, पिलग्रिम ट्रस्टच्या २५,००० पौंडांच्या देणगीवर ब्रिटनमध्ये संगीत व कला ह्यांच्या उत्तेजनार्थ एक मंडळ स्थापन झाले. प्रारंभीची त्याची दृष्टी गावोगावच्या हौशी गायकवृंदांना आणि नाट्यमंडळांना हात देण्याची होती. संगीतकार व्हॉन विल्यम्स ह्यांच्यासारख्यांची तीवर श्रद्धा होती. १९४२ मध्ये केन्स अध्यक्ष झाले आणि मंडळाचे तोंड फिरले. हौशी मंडळींविषयी त्यांना फारसे ममत्व नव्हते. व्यावसायिक कलावंत, उच्च दर्जा आणि राजधानीतील मोठी रंगमंदिरे हे त्यांचे लक्ष्य. युद्धकाळी नाचघर बनलेले कॉव्हेंट गार्डन पुन्हा संगीतिका आणि बॅले ह्यांचे घर व्हावे म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. त्यांच्या पत्नी लिडिया लोपोकोवा ह्या विख्यात नर्तिका होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या ओढीचा उगम दूर शोधावा लागत नाही.

केन्स ह्यांचे खरे ऋण मात्र निराळ्या ठिकाणी आहे. विद्यापीठांना अनुदान देण्याची जी पद्धत ब्रिटनमध्ये १९१९ पासून रुळली होती, तीच कलेला लावावी अशी त्यांची धारणा होती. कोषागाराने एक ठोक रक्कम द्यावी, ती कोणाला मिळावी हे एका स्वतंत्र समितीने ठरवावे, आणि अमुक चित्र किंवा तमुक नाटक का पोसले ह्याचा जाब मंत्र्याला कोणी विचारू नये. १९४५ च्या उन्हाळ्यात नभोवाणीवरील भाषणात त्यांनी नव्या कलापरिषदेचा हेतू सांगितला, तेव्हा कलावंताला कोणी वळण लावू शकत नाही ह्या विचारावर त्यांचा भर होता. सत्तेला द्यावयाचा नकार इतक्या सफाईने क्वचितच कोणी घटनाबद्ध केला असेल. तथापि हे करणारा गृहस्थ त्याच वेळी कोषागाराचा सल्लागार होता, देणाऱ्या परिषदेचा अध्यक्ष होता आणि घेणाऱ्या कॉव्हेंट गार्डनच्या विश्वस्त मंडळाचाही अध्यक्ष होता. दाता, वाटप करणारा आणि याचक हे तिघे एकाच कोटात वावरत होते! २० फेब्रुवारी १९४६ च्या रात्री ते रंगमंदिर पुन्हा उघडले. दोन महिन्यांनी केन्स निवर्तले, आणि परिषदेला सनद मिळाली ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये. संस्था जन्मली तीच संस्थापकाच्या रुचीचा ठसा घेऊन. तिची प्रादेशिक कार्यालये १९५६ पर्यंत बंद करण्यात आली, हे त्या ठशाचेच फलित होय. पुढे जेनी ली ह्या खाणकामगाराच्या कन्या कलाविषयक मंत्री झाल्या, १९६५ मध्ये त्यांची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली आणि परिषदेचे अनुदान सहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झाले, तेव्हा कुठे लंडनबाहेरच्या प्रदेशांकडे पैसा काहीसा मोकळेपणाने वाहू लागला. गंमत अशी की, केन्स ह्यांना ज्या मंत्रिपदाची धास्ती वाटली असती, त्याच पदावरील व्यक्तीने त्यांच्या परिषदेची एकांगी रुची थोडी सरळ केली. परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष लॉर्ड गुडमन आणि जेनी ली ह्यांच्यातील सख्य ह्याला कारण झाले खरे. परंतु सख्यावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, योगायोग होय.

फ्रान्सने समितीचा आडपडदा ठेवलाच नाही. १९५९ साली द गॉल ह्यांनी सांस्कृतिक कार्याचे स्वतंत्र मंत्रालय निर्माण केले आणि ते कादंबरीकार आंद्रे मालरो ह्यांच्या स्वाधीन केले. मानवजातीच्या, आणि प्रथम फ्रान्सच्या, श्रेष्ठ कलाकृती अधिकांत अधिक फ्रेंच जनांपर्यंत पोचविणे हे त्या मंत्रालयाचे विहित कार्य. येथे मंत्रीच कलावंत, मंत्रीच रसिक आणि मंत्रीच दाता. मालरो ह्यांची कलादृष्टी विशाल होती, ह्यात शंका नाही. घारापुरी आणि वेरूळ येथील शिल्पांनी त्यांना किती झपाटले होते हे त्यांच्या आत्मपर लेखनात दिसते. ल हाव्र, बूर्ज, आमियँ, ग्रनोब्ल अशा शहरांत त्यांनी संस्कृतिभवने उभारली. जणू प्रजासत्ताकाची कॅथीड्रलेच! दारे उघडी ठेवली आणि आत श्रेष्ठ कलाकृती मांडली की सामान्य माणूस तिच्यासमोर उभा राहील आणि बाकीचे आपोआप घडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. मे १९६८ मध्ये व्हिलरबान येथे जमलेल्या नाट्यगृहांच्या व संस्कृतिभवनांच्या संचालकांनीच ह्या श्रद्धेतील पोकळी उघड केली. ह्या भवनांच्या दाराशी कधीच न येणारा एक प्रचंड समाज आहे, हे त्यांनी जाहीर निवेदनात मांडले. आपल्याकडील जिल्ह्याच्या गावी बांधलेल्या आणि वर्षातील बरेच दिवस कुलूपबंद असलेल्या सांस्कृतिक भवनांकडे पाहताना हे निवेदन आठवल्यावाचून राहत नाही.

मालरो ह्यांची परीक्षा मात्र दोन वेळा झाली, आणि दोन्ही वेळा निकाल निरनिराळा लागला. १९६६ मध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ओदेऑन रंगमंदिरात ज्याँ जने ह्यांचे अल्जीरियाच्या युद्धाची पार्श्वभूमी असलेले नाटक झाले. प्रेक्षागृहात दंगल झाली. माजी सैनिक संतापले. आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेत रंगमंदिराचे अनुदान कापण्याची सूचना पुढे आली. मालरो उभे राहिले. नाटक आपणास आवडते असे सांगून त्यांनी आपली बाजू सोपी करून घेतली नाही. आक्षेपार्ह वाटणाऱ्या कृतीवर अनुदानाचे शस्त्र उगारले तर गोया आणि बोदलेअरही वाचणार नाहीत, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. मंत्र्याने आपल्याच बाकांवरील सदस्यांसमोर केलेले हे भाषण ह्या पदाच्या इतिहासातील एक उज्ज्वल क्षण मानावयास हवे. आणि मग १९६८. फेब्रुवारीत चित्रपटांचा अमोल संग्रह जमविणारे आँरी लांग्ल्वा ह्यांना सिनेमातेकच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. त्यांचे हिशेब विस्कळीत होते, हे कारण खोटे नव्हते. पण तो संग्रह त्या विस्कळीत माणसाच्या वेडातूनच उभा राहिला होता, आणि हे मालरो ह्यांना कळू नये ह्याचे आश्चर्य वाटते. देशोदेशींच्या दिग्दर्शकांनी निषेध केला आणि एप्रिलमध्ये लांग्ल्वा परत आले. पुढे मे महिन्यात विद्यार्थ्यांनी ओदेऑन व्यापले. संचालक ज्याँ-लुई बारो ह्यांनी विद्यार्थ्यांशी वैर धरले नाही एवढ्यावरून त्याच वर्षी त्यांना पद गमवावे लागले. ज्या बारोंच्या रंगमंदिराची पाठराखण मालरो ह्यांनी दोन वर्षांपूर्वी केली, तेच हे बारो. १९६६ मध्ये कलाकृती संकटात होती, तर १९६८ मध्ये शासनाचा अधिकार. पहिल्या प्रसंगी मालरो कलावंत राहिले; दुसऱ्या प्रसंगी ते मंत्री राहिले. दोष केवळ त्यांच्या स्वभावाचा नव्हे. दोन भूमिकांमध्ये भिंतच नव्हती.

भिंत असली म्हणजे काम भागते, असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीच्या १९६५ च्या कायद्यात कलेवर शासकीय नियंत्रण नसावे असे स्पष्ट कलम आहे, आणि निवड सहव्यवसायी कलावंतांच्या समित्या करतात. तरीही १९९० मध्ये निधीचे अध्यक्ष जॉन फ्रॉनमायर ह्यांनी समितीने शिफारस केलेल्या चार कलावंतांचे अनुदान स्वतः नाकारले; काँग्रेसमधील टीकाकारांचा रोष शमावा ही अपेक्षा त्यामागे असणार. तो शमला नाही. कलावंत न्यायालयात गेले, टीकाकार अधिक चेकाळले, आणि १९९२ मध्ये फ्रॉनमायर ह्यांनाच पद सोडावे लागले.

भारतातील व्यवस्था ह्या सर्वांहून निराळी, आणि तिचे वेगळेपण अद्याप पुरते जोखले गेलेले नाही. १२ मार्च १९५४ रोजी साहित्य अकादमीचे उद्घाटन झाले. शासनाने तिची स्थापना केली, परंतु १९५६ मध्ये ती नोंदणीकृत संस्था झाली. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि ते पंतप्रधानही. वरकरणी ही मालरोंहूनही बिकट स्थिती. सत्ता आणि अकादमी एकाच देहात. अकादमीचा अध्यक्ष म्हणून पंतप्रधानाचा हस्तक्षेप आपल्याला खपणार नाही, अशा अर्थाचे नेहरूंचे उद्गार पुष्कळांना ठाऊक आहेत. ते विनोदाने काढलेले असले तरी पोकळ नव्हते. दैनंदिन कारभार सचिव कृष्ण कृपलानी ह्यांच्याकडे होता. त्यांना साहाय्य करणारे, आणि पुढे स्वतः सचिव झालेले, प्रभाकर माचवे हे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांचे लेखक. पण नेहरूंच्या संयमाला आणखी एका गोष्टीने आधार दिला, आणि ती म्हणजे अज्ञान. अकादमीने मान्य केलेल्या भाषा आज चोवीस आहेत. कोणताही अध्यक्ष त्यांतील चारपाच भाषांपलीकडचे साहित्य मुळातून वाचू शकत नाही. केन्स आपली रुची सगळ्या ब्रिटनवर लादू शकले, कारण ते सारे नाटक आणि सारे संगीत स्वतः पारखू शकत होते, निदान तशी त्यांची समजूत होती. भारतीय अध्यक्षाला मणिपुरी कवितेविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावेच लागते. आतल्या दिशेचा नकार येथे सद्गुणावर अवलंबून नाही; बहुभाषिकतेने तो रचनेतच घालून ठेवला आहे.

परंतु दिल्लीत विरलेली रुची नाहीशी होत नाही. ती खाली उतरते. प्रत्येक भाषेचे सल्लागार मंडळ, प्रत्येक पुरस्काराचे तिघा जणांचे परीक्षक मंडळ ही तिची नवी वसतिस्थाने होत. तेथे बसणाऱ्यांना आपापल्या भाषेतील सारे काही वाचता येते, सर्वांचे हेवेदावे ठाऊक असतात, आणि इतर तेवीस भाषांतील कोणीही त्यांचा निर्णय तपासू शकत नाही. अध्यक्षाचे अज्ञान हे एका टोकाला संरक्षण ठरते तेच दुसऱ्या टोकाला सवलत ठरते. मराठीतील पुरस्कारांवर दरवर्षी होणारी कुजबुज सर्वस्वी मत्सरातून उठते असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आणि वरच्या दिशेचा नकार? ऑगस्ट २०१५ मध्ये अकादमीचे पुरस्कारप्राप्त कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी ह्यांचा धारवाड येथे खून झाला. अकादमीच्या मौनाचा निषेध म्हणून अनेक लेखकांनी पुरस्कार परत केले. त्यांत नेहरूंच्या भाची नयनतारा सहगल होत्या. कार्यकारी मंडळाने खुनाचा निषेध करणारा ठराव केला तो २३ ऑक्टोबर रोजी. त्या मधल्या आठवड्यांत कोणा मंत्र्याने अकादमीला बोलू नको असे सांगितले असेल किंवा नसेल. घटनेने तिला बोलण्यास मनाई केलेली नव्हती. महाराष्ट्रात प्रसंग ह्याहून उघडा होता. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनी दोन दशके ते पद सांभाळले, विश्वकोशाचा संसार वाईला थाटला, आणि पंडिताचा शब्द मंत्रालयात वजनाने ऐकला जातो हे दाखवून दिले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच राज्याच्या शासनाने कोबाड गांधी ह्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला वाङ्मय पुरस्कार एका शासननिर्णयाने रद्द केला आणि परीक्षण करणारी समितीही बरखास्त केली. शासकीय समित्यांवरील काही लेखकांनी राजीनामे दिले. पुस्तक परीक्षकांनी वाचले होते. शासननिर्णयावर सही करणाऱ्यांना ते वाचण्याची गरज भासली होती किंवा नाही, हे त्या निर्णयाच्या मजकुरावरून कळत नाही.