शिशावरचे तीन राजे

कोल्हापूरच्या मातीने दिलेल्या नाण्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते शिशाचे एक करडे नाणे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास या भागावर राज्य करणाऱ्या ‘कुर’ राजांचे हे नाणे. टॉलेमीने आपल्या भूगोलात हिप्पोकुरा ही बालेओकुरॉस राजाची राजधानी म्हणून नोंदवली आहे; हा बालेओकुरॉस म्हणजे नाण्यांवरचा विळिवायकुर, असे अनेक अभ्यासक मानतात. कोल्हापुरात सापडलेली ही नाणी पंडित भगवानलाल इंद्रजी आणि रा. गो. भांडारकर यांनी एकोणिसाव्या शतकातच अभ्यासली. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर शास्त्रीय उत्खनन केले आणि त्या काळातले नांदते गाव उजेडात आले.

नाण्याच्या एका बाजूला धनुष्य आहे. त्याची प्रत्यंचा चढवलेली आहे, बाण लावलेला आहे आणि तो अजून सुटलेला नाही. इतक्या लहान वर्तुळात शिल्पकाराने नेमका ताणाचा क्षण निवडला. भोवती ब्राह्मी अक्षरांचे कडे: ‘रञो गोतमिपुतस विळिवायकुरस’. राजा गौतमीपुत्र विळिवायकुर याचे. ‘हे नाणे’ असे म्हणण्याची गरज कोरणाऱ्याला वाटली नाही. षष्ठीचा प्रत्यय लागला की मालकी सिद्ध झाली. राजाच्या नावाआधी येते ते त्याच्या आईचे गोत्र. सातवाहनांच्या लेखांतून ओळखीची असलेली ही रीत कोल्हापूरच्या राजांनीही पाळली. दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचून केलेला डोंगर आणि कठड्यातले झाड. जुन्या ग्रंथांत या डोंगराला चैत्य म्हटलेले आढळते. एका अंगाला शस्त्र, दुसऱ्या अंगाला भूमी आणि झाड: सत्तेबद्दल जे सांगायचे ते एवढ्यात सांगून झाले आहे.

पण या नाण्याचे खरे सौंदर्य त्याच्या अस्वच्छपणात आहे. काही नाण्यांवर गौतमीपुत्राच्या अक्षरांखालून दुसरीच अक्षरे डोकावतात, धनुष्याची कड एखाद्या जुन्या रेषेला छेदून जाते. आधीच्या राजाचे नाणे न वितळवता त्यावरच नवा ठसा मारला गेला, आणि जुना पुरता पुसला गेला नाही. माढरीपुत्र सिवलकुराने वासिष्ठीपुत्र विळिवायकुराची नाणी अशी पुन्हा छापली; गौतमीपुत्र विळिवायकुराने या दोघांचीही. ज्याचा ठसा खाली तो आधीचा, ज्याचा वर तो नंतरचा. एवढ्या साध्या तर्कावर या तीन राजांचा क्रम लागला. ई. जे. रॅप्सन यांनी १९०८ च्या ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत हा क्रम मांडला. ज्या नाण्याला नवखा माणूस ‘खराब छपाई’ म्हणून बाजूला सारेल, तेच इतिहासाला सर्वांत जास्त देऊन गेले.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीची साक्षही हेच सांगते. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. सातकर्णीने नहपानाची सत्ता उखडल्याचा हा भक्कम पुरावा. साठा एकत्र मोजला गेला म्हणून हे प्रमाण कळले. तो सराफांकडे चिमूट-चिमूट पांगला असता, तर हाती फक्त सुटी चांदी राहिली असती.

म्हणून घरातला संग्रह रचताना मी हे शिशाचे नाणे मनाशी धरतो. नाण्याचा अर्थ त्याच्या शेजारावर, खालच्या थरावर आणि सापडल्या ठिकाणावर अवलंबून असतो. सगळ्यांत सुबक नाणी पहिल्या पानावर आणि झिजलेली डब्यात, ही मांडणी डोळ्यांना सुखावते, पण वाचता येत नाही. राजवट, मग राजा, मग टांकसाळ किंवा प्रकार, मग ठशातला फरक, या क्रमाने लावलेल्या पानावर नाणी आपापसांत बोलू लागतात. शिवरायांच्या तांब्याच्या नाण्यांत हे स्पष्ट दिसते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. शिवरायांनंतरही दीर्घकाळ ही शिवराई त्यांच्याच नावाने पाडली गेली. तिचा काळ ठरवायचा तो अक्षरांच्या वळणावरून, ऱ्हस्वदीर्घावरून आणि ओळींच्या रचनेवरून. बारा शिवराया एका पानावर ओळीने ठेवल्या की एकेकटी पाहताना न जाणवलेला फरक लगेच दिसतो.

प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी हवी: धातू, वजन, व्यास, कुठून व केव्हा आले, कोणत्या ग्रंथाशी ताडून पाहिले. चिठ्ठीवरचाच क्रमांक वहीत आणि फोटोवर हवा. ‘करवीर तालुक्यातील शेतात सापडल्याचे विक्रेत्याने सांगितले’ ही कच्ची नोंदही मोलाची. फक्त ती ऐकीव आहे, हे तिथेच लिहावे. जमिनीत निधी सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत, याचे भान ठेवावे.

आता जपणुकीबद्दल. शिशाचा शत्रू लाकूड. लाकूड, प्लायवूड आणि साध्या पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. बंद कपाटात ती अक्षरेही खाऊन टाकते. विळिवायकुराची बाराखडी सुंदर सागवानी पेटीत हरवू नये, यासाठी आम्लमुक्त कागद आणि पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे कप्पे वापरावेत. स्वस्त, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांनी तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. चांदीजवळ रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने ती काळवंडते. होल्डरच्या स्टेपलच्या पिना कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजतात, म्हणून त्या नाण्याला टेकणार नाहीत असे पाहावे. सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत, आणि कोणतेही नाणे कडेनेच धरावे. तांब्याची शिवराई चिंच किंवा पितांबरीने घासण्याचा मोह आवरावा. शतकांनी चढवलेला तपकिरी थर घासून काढला की नाणे चकाकते, पण त्याचा काळ गेलेला असतो. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर ते नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे, कारण तो रोग आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगेकाठच्या वस्त्यांना शिकवलेला धडा संग्राहकानेही घ्यावा: पेटी खालच्या कप्प्यात नको, आणि वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. नाणे पाण्यात गेले तर पुन्हा शोधून वाळवता येते; नोंद गेली तर ते कुठून आले हे कोणीही परत सांगू शकत नाही. कोल्हापूरची ही नाणी आज आपल्याला तीन राजांचा क्रम सांगतात, ते ज्यांनी ती सापडल्या जागेसह, वजनासह आणि खालच्या ठशासह टिपून ठेवली त्यांच्यामुळे. घरातल्या एका पेटीलाही तेच काम नेमून देता येते, आणि ते काम नीट केले, तर आपल्यानंतर ती पेटी उघडणाऱ्यालाही ही नाणी वाचता येतील.