ठेका इंद्रायणीकाठचा, रियाज जर्मनीतला

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून जर्मनीत आलेल्या मंडळींच्या सामानात गोडा मसाला असतोच. आपल्या मंडळातल्या काहींनी पखवाजही आणला. त्यात नवल नाही. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, पण शेजारच्या आळंदीत जोगमहाराजांची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासूनची. शिफ्ट सुटल्यावर भजनाला बसणारी माणसं त्या पट्ट्यात गावोगाव भेटतात.

वाद्य आणणं सोपं, रियाज टिकवणं कठीण. इथे रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी तर दिवसभर नको. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने पुडी ताणते, स्वर चढतो. गुरुजी आळंदीत, शिकवणी व्हिडिओ कॉलवर. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही.

मग पढंत वाढली. चौतालाच्या बारा मात्रा, चार टाळ्या, दोन खाली हातावर धरून बोल तोंडाने म्हणायचे. शेजारी खूश. मला तर ही अडचण पथ्यावरच पडली असं वाटतं. गुरूच्या ठेक्याचं बोट धरता येत नाही, तेव्हा लय स्वतःच सांभाळावी लागते.

असेंब्ली लाइनवर टॅक्ट टाइम सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवलेले आपल्यातले एक अभियंते मेट्रोनोमशिवाय बसतच नसत. गुरुजींनी तोड काढली: चार आवर्तनं यंत्र ऐकायचं, पुढची चार त्याचा आवाज बंद, मग पुन्हा चालू करून समेवर गाठ पडते का पाहायचं. अभियंते दरवेळी पुढे! तिहाई जवळ आली की मन आधीच समेवर जाऊन बसतं आणि हात त्याच्यामागे धावतात, हे त्यांना यंत्र गप्प झाल्यावर उमगलं. आता तिहाईतही ते त्या-त्या बोलापाशीच थांबायला शिकताहेत.

लय वाढवणं मात्र वेगळं. रामकृष्ण हरीचा गजर संथ सुरू होतो आणि चढत जातो, पण सगळ्यांना बरोबर घेऊन. पखवाज वाजवणारा मृदंगमणी एकटा सुटला की टाळकऱ्यांची पावली चुकते. म्हणून त्याचा कान सतत टाळांकडे.

आणि इथेच आपलं घोडं अडतं. पखवाज शिकायला मुलं रांगेत उभी, टाळ मात्र ‘कुणीही वाजवील’ म्हणून ऐनवेळी कुणाच्याही हातात दिले जातात. आषाढीच्या दिंडीआधी यंदा टाळकऱ्यांचीही तालीम घ्या, पखवाजाइतकीच कसून.